तुटफूट वहीतलं नाव

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एखादी टेस्ट ट्यूब फुटली की आवाज दोन यायचे. पहिला काचेचा, दुसरा गोजरबाईचा. आणि पोरं सांगायची की पहिला परवडला.

"कोन्या बिनडोकाचा हात हाय त्यो? इकडं ये. हास मत. नाव सांग. पुरं सांग, बापाचं लावून सांग. मायनं घरी कपबशी धरायचं शिकिवलं न्हाई का तुला?"

जालन्याच्या त्या कॉलेजात ज्याला हा आवाज काढता येत नव्हता, त्याचं बी.एस्सी. पुरं झालं असं कुणी मानत नसे. गॅदरिंगमध्ये दरवर्षी एकजण डोक्यावरून पदर घेऊन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून स्टेजवर यायचा आणि नुसतं "इकडं ये" म्हणायचा. मांडव कोसळायचा. गोजरबाई पहिल्या रांगेच्या कडेला उभी राहून बघायची. हसायची नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोराला म्हणायची, "आवाज बराबर काढला. किल्ल्या डाव्या बाजूला असत्यात माह्या."

रागाचं हत्यार मात्र आवाज नव्हता, वही होती. लाल पुठ्ठ्याची तुटफूट वही, पानांवर छापील आकडे, टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेली. काय फुटलं, कधी फुटलं, कुणाच्या हातून फुटलं, आणि समोर त्याची सही. गोजरबाईचं शिक्षण चौथी, त्यामुळे अक्षर पाटीवरचं: मोठं, सुटं, मात्रा वेलांट्या टांगलेल्या. पण वही तिचा धर्म होता. तिच्यात पोरं होती, डेमॉन्स्ट्रेटर होते. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या कोपरानं ब्युरेट पडली, तर त्यांचीही सही होती. "साहेब, तुमी मोठे. पन ब्युरेट बी मोठी होती."

अठरा वर्षांत त्या वहीत नाव नव्हतं ते एकाच माणसाचं. गोजरबाईचं.

तिचं माहेर जाफराबादच्या पलीकडं, पूर्णेच्या काठाला. नवरा संपत याच लॅबमध्ये शिपाई होता. शहाऐंशी साली गावाकडून येताना जीप उलटली, संपत गेला, आणि त्याच्या जागेवर चोवीस वर्षांची गोजरबाई लागली. तेव्हा केमिस्ट्रीचे विभागप्रमुख होते वामनराव. घसा साफ केल्याशिवाय त्यांचं वाक्य निघायचं नाही आणि 'ठीक आहे' दोनदा म्हटल्याशिवाय ते संपायचं नाही. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "अहं, बाई, ही काचेची भांडी आहेत, घरची जर्मलची नव्हेत. राखेनं घासू नका. ठीक आहे, ठीक आहे."

रागानं गोजरबाईचे कान तापले. महिन्याभरात तिनं काच अशी धुवायला सुरुवात केली की पाण्याचा थेंब भांड्यात टिकायचा नाही, सरळ वाहून जायचा. ॲसिडच्या बाटल्या ती लेबलं न बघता वासावरून लावायची. वामनरावांनी एकदा चुकीची बाटली उचलली तर म्हणाली, "सर, ती घरची जर्मलची हाय."

त्याच वर्षी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीला झेंडूची माळ पडते, बियाण्याच्या कारखान्यात चाळणीला, तसं लॅबमध्ये तराजूला, बर्नरला आणि भट्टीला. गोजरबाईनं पहाटेपासून फरशी धुतली, तराजूची पितळी पारडी लख्ख केली, रांगोळी घातली, माळा ओवल्या. पूजेला वामनरावांच्या मंडळी आल्या. सरोजिनीबाई. गोड आवाज, प्रत्येक वाक्य गुळाच्या पाकातून काढल्यासारखं. हळदीकुंकवाचं ताट गोजरबाईच्या हातात होतं. सरोजिनीबाईंनी ते अलगद काढून घेतलं.

"गोजर, तू आपली बाहेर व्हरांड्यात उभी राहा हं. तुझं काही चुकलं नाही गं, पण रीत असते ना? आणि मनाला लावून घ्यायचं नाही बाई."

मनाला लावून घ्यायचं नाही म्हटल्यावर ते लागलंच. पुढची अठरा वर्षं हेच चाललं. पहाटेपासून राबायची गोजरबाई, आणि ताट फिरायची वेळ आली की व्हरांड्यात उभी राहायची गोजरबाई. नारळ फुटला की आतून हाक यायची, "गोजर, प्रसाद घेऊन जा गं." ती प्रसाद घ्यायची आणि घरी जाताना बकरीला घालायची.

दोन हजार चार साली, पावसाळा लागता लागता, केमिस्ट्री शिकवणारे गिरिधर सर पुण्याच्या एका कार्यशाळेहून परत आले ते बॅग छातीशी धरून. गिरिधर सरांच्या तोंडात 'तत्त्वतः' हा शब्द सुपारीसारखा असायचा. चहा मागवतानासुद्धा, "तत्त्वतः साखर कमी." बॅगेतून त्यांनी दोन वस्तू काढल्या. एक, वीज वाहून नेणाऱ्या काचेच्या चौकोनी चकत्या. दिसायला साधी काच, पण एका बाजूनं मीटर लावलं तर काटा हलायचा. दुसरी, एका डब्यात पांढरी भुकटी.

गोजरबाईनं बोटांत चोळून पाहिली. "ह्यो तर सफेदा. दाराच्या रंगात घालत्यात त्यो."

"जात तीच बाई, टिटॅनियम डाय ऑक्साइड. पण कण बघा! तुमच्या एका केसाच्या जाडीत हे तीन हजार कण ओळीनं उभे राहतील, तत्त्वतः."

"माह्या केसाचं मोजमाप करायला पुन्याला गेल्ता का?"

पण सर सांगत गेले आणि ती भांडी पुसता पुसता ऐकत गेली. ही भुकटी काचेवर पातळ पसरायची आणि भट्टीत भाजायची. कण एकमेकांना चिकटतात, पण मधे अतोनात भोकं राहतात. एवढ्याशा चकतीवरच्या त्या भोकांच्या भिंती उलगडून मांडल्या तर चकतीच्या हजारपट जागा भरेल. मग ती चकती फुलाच्या किंवा फळाच्या रंगात बुडवायची. रंग त्या सगळ्या भिंतींवर जाऊन बसतो. ऊन पडलं की रंगातून इलेक्ट्रॉन सुटतो, भुकटी तो झेलते आणि काचेकडे देते. वर काजळी धरलेली दुसरी काच, मधे आयोडिनचा थेंब, चिमटे लावले की झाला सेल.

"म्हंजी रंग कमावतो आन् सफेदा घरी आनून देतो," गोजरबाई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सरांनी हेच वाक्य टी.वाय.च्या वर्गात विनोद म्हणून सांगितलं. स्वतःचा म्हणून. वर्ग हसला. शेजारच्या खोलीत गोजरबाईनं फ्लास्क जरा जोरात ठेवला.

आता मजा अशी की सरांच्या चकत्या जमेनात. कडांना चिकटपट्टी लावायची, मधे भुकटीची खळ ओतायची आणि काचेच्या कांडीनं एका दमात ओढायची, अशी रीत होती. सरांचा हिशेब, जितकी भुकटी जास्त तितका रंग जास्त. म्हणून लेप जाड यावा असे चिकटपट्टीचे चार थर. वाळलं की उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा. भट्टीतून काढलं की पापुद्रे. अशा अकरा चकत्या गेल्या. अकराही वहीत लागल्या आणि अकराही वेळा गिरिधर सरांनी सही केली. बाराव्या वेळी गोजरबाईच्यानं राहवेना.

"सर, ही भिंत हाय. तुमी सारवून राह्यले अन् सारवनाची अक्कल न्हाई तुमाला."

"बाई, हे नॅनो आहे. शेण नाही."

"शेन परवडलं, ते ऐकतं तरी. जाड हात दिला की भेगा पडनार, मंग ती माती असू का तुमची फारेनची भुकटी. माही माय म्हनायची, पयला हात पातळ द्यायचा, पार भिंत दिसंल असा. सावलीत वाळू द्यायचा. मंग दुसरा. सरका तिकडं."

सर सरकले. तिनं खल पुढ्यात ओढला, भुकटीत व्हिनेगर थेंब थेंब टाकत पाऊण तास घोटलं, विरजण लागलेल्या दह्याइतकं एकजीव होईपर्यंत. पट्टीचा एकच थर लावला. कांडी ओढली ती श्वास रोखून, मनगट न हलवता, खांद्यातून. वाळल्यावर दुसरा हात. वीज अकराला यायची आणि दोनला जायची, म्हणून भट्टीची वेळ तिनंच बांधून दिली. साडेचारशे डिग्रीकडे जाताना काच आधी तपकिरी पडते. सर घाबरून काढायला धावले तर तिनं चिमटा काढून घेतला. "थांबा! भाकर फुगायच्या आधी तव्यावरनं काढता का?" थोड्या वेळानं तपकिरी जळून गेलं आणि चकती पुन्हा पांढरी झाली. गुळगुळीत. एक भेग नाही.

गिरिधर सरांनी वाकून चारही कडा तपासल्या. मग म्हणाले, "तत्त्वतः... आणखी तेवीस लागतील."

तिनं सव्वा महिन्यात त्या केल्या. सोमवारी, दसरा झाल्यावर, विद्यापीठाची तीन माणसांची कमिटी सरांचं पीएच.डी.चं काम बघायला येणार होती. शनिवारी चकत्या डाळिंबाच्या आणि जास्वंदीच्या रंगात बुडवायच्या, रविवारी सेल जोडायचे, असं ठरलं. तोवर चोवीस कोऱ्या चकत्या गोजरबाईनं एका ट्रेमध्ये मांडल्या, वर वर्तमानपत्र घातलं आणि कपाटात ठेवून दिल्या. सर्वांना दम भरला, "ही कोरी हाय तवर टिपकागदावानी हाय. घामाचं बोट लागलं तरी पिऊन टाकील."

गुरुवारी खंडेनवमी. वामनराव आता प्राचार्य झाले होते, म्हणून पूजेला सगळा स्टाफ. गोजरबाई ठरल्या जागी, व्हरांड्यात, खिडकीच्या गजांशी. आत सरोजिनीबाई ताट घेऊन तराजूला, बर्नरला, भट्टीला बोटं लावत चालल्या होत्या. आधी ओली हळद, मग कुंकू. एवढ्यात गिरिधर सरांना उमाळा आला. प्राचार्य समोर आहेत, वहिनी आहेत, मग काम दाखवायला नको? त्यांनी कपाट उघडलं, ट्रे काढला, वर्तमानपत्र दूर केलं.

"वहिनी, हे आमचं संशोधन!"

"अगंबाई, किती सुंदर! अगदी बत्ताशांसारखं," असं म्हणत सरोजिनीबाईंनी पहिल्या बत्ताशावर बोट टेकवलं.

"वैनी, त्येला न्हाई!" खिडकीतून आरोळी आली. "सर, ट्रे मागं घ्या! त्ये रंग पितं!"

"अहं, गोजरबाई," वामनराव मागे न बघताच म्हणाले, "मंगल वेळ आहे. ठीक आहे, ठीक आहे."

"असू द्या, असू द्या," गिरिधर सर हसत म्हणाले. प्राचार्यांच्या बायकोचा हात धरणार कोण? "पुसून घेऊ नंतर."

टप, टप, टप. चोवीस वेळा. गोजरबाई गज धरून मोजत होती. दार उघडं होतं, उंबरा चार पावलांवर होता, आणि तिला तो ओलांडता येत नव्हता. पुढं कित्येक दिवस तिला राग आला तो सरोजिनीबाईंचा नव्हे, त्या चार पावलांचा. का न्हाई गेले मी? कोन माहे पाय बांधले होते?

सगळे पेढे खाऊन गेल्यावर ती आत आली. फुंकर घातली तर कुंकू उडालं. हळद मात्र आत शिरली होती. प्रत्येक पांढऱ्या चकतीच्या मधोमध पिवळं बोट.

शुक्रवारी दसऱ्याची सुट्टी. शनिवारी दुपारी सरांनी ओलं फडकं घेऊन पहिली चकती पुसली, तर हळद राहिली आणि भुकटीच फडक्याला आली. तेवीस उरल्या. ते तसेच प्राचार्यांकडे धावले आणि दहा मिनिटांनी गोजरबाईला बोलावणं आलं, वही घेऊन या म्हणून.

केबिनमध्ये वामनराव होते, गिरिधर सर होते, आणि स्टाफला आपट्याचं सोनं वाटायला आलेल्या सरोजिनीबाई होत्या. हेडक्लार्क वसंता पेनाचं टोपण काढून तयार. वसंताचं सगळं बोलणं नाकातून, आणि आपलं असं एकही नाही: "साहेबांचं म्हणणं पडतंय की..."

"अहं, गोजरबाई," वामनराव म्हणाले, "इतक्या प्लेट्स खराब झाल्या म्हणजे वहीत नोंद लागणार. कमिटीनं विचारलं तर दाखवायला हवी. नियम तुमचाच. तुमच्या ताब्यातला माल आहे. तेव्हा लिहा, पूजेच्या वेळी माझ्या हातून हळद लागली. खाली सही करा. मग तुम्हाला काही दिवस हॉस्टेलच्या मेसवर पाठवू, म्हणजे विषय वाढणार नाही. ठीक आहे, ठीक आहे."

"साहेबांचं म्हणणं पडतंय की अक्षर जरा सुवाच्य काढा," वसंता म्हणाला.

गोजरबाईनं सुतळी सोडून आणलेली वही उघडली. टेबलावर ठेवली. सगळ्यांना वाटलं आता आरोळी येणार, म्हणून गिरिधर सरांनी खांदे आकसून घेतले. पण ती आली नाही. आवाज इतका खाली आला की ऐकायला वामनरावांना पुढं वाकावं लागलं.

"सायेब, शहाऐंशीपासून मी त्या ताटाला हात लावला का?"

ती सरोजिनीबाईंकडे वळली.

"वैनी, तुमीच सांगा. ताट माह्या हातातनं काढून कोनं घेतलं? रांडमुंड बाईचं बोट नको म्हनून अठरा खंडेनवम्या मला व्हरांड्यात उभी केली. लॅब मी धुवायची, माळा मी ओवायच्या, आन् बोट लावायच्या टायमाला मी भायेर. हळद माह्या हातची भाजीत चालती, बोटावरची चालत न्हाई. बरं, न्हाई तर न्हाई. पन मंग परवाच्याला ते माहं बोट आत कवा गेलं? तिथून, खिडकीतून? बारा हाताचं हाय का माहं बोट?"

"अगं गोजर," सरोजिनीबाईंचा पाक पातळ झाला होता, "मी काय मुद्दाम केलं का? शुभ म्हणूनच..."

"सरू, तू थांब," वामनराव घसा साफ न करताच बोलले. "हे बघा बाई, वहीत बाहेरच्या माणसाचं नाव घालता येत नाही."

आता आरोळी आली.

"भायेरच्या? पूजेला मी भायेरची आन् नोंदीला मी आतली? काच फुटली की गोजर घरची, नारळ फुटला की गोजर परकी! ह्या वहीत तपासनीच्या सायबाचं नाव हाय, ह्या सरांचं अकरा डाव हाय, आन् तुमचं बी हाय, सायेब, नव्वद सालचं, दोन बीकर. कुनाचं मला लपवावं लागलं न्हाई. लबाडीचं एक बी न्हाई. आन् पयलं लबाडीचं नाव माहं लागंल? न्हाई लागत. मेसवर धाडायचं तर धाडा, पन सही न्हाई."

तिनं वही मिटली, काखेत मारली आणि गेली. वसंतानं पेनाला टोपण लावलं. साहेबांचं म्हणणं काय पडतंय, हे त्याला कळेना.

लॅबला कुलूप घालून ती पायरीवर बसली. थोड्या वेळानं गिरिधर सर आले. उभे राहिले. मग तेही पायरीवर बसले, दोन पायऱ्या खाली.

"बाई, पुन्हा भाजल्या तर हळद जळून जाईल?"

"हळद जाईल. वीज दोनला गेली, आता उद्याच्याला येती का न्हाई कोनाला म्हाईत. रविवारी तर दुरुस्ती हाय म्हनून सांगून राह्यलेत."

"म्हणजे संपलंच."

"संपलं न्हाई. इलाज हाय."

सर झटकन वळले. "कोणता?"

"लुगड्यावर डाग पडला आन् निघंना, तर बाई काय करती? आख्खं लुगडं त्याच रंगात काढती. पन किल्ली माह्यापाशी हाय. आन् मी आता मेसवरली बाई."

"बाई, माझी पीएच.डी. अडकेल हो. आठ वर्षं झाली."

"माही अठरा झाली."

बाहेर एक सायकल गेली. शेवटी सर म्हणाले, "काय लिहू?"

"जे झालं ते. तुमी समूर होते."

"प्राचार्य आहेत ते बाई. माझा गोपनीय अहवाल त्यांच्या हातात असतो. मी असं लिहितो, 'अनवधानाने हळद लागली.' नावच नको कुणाचं."

"अनवधान म्हंजी कोन? आडनाव काय त्याचं? ह्या वहीत बिननावाची एक ओळ न्हाई, सर. उद्या पोरगं फ्लास्क फोडील आन् म्हनंल, अनवधानानं फोडला, त्याची सही घ्या."

ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर चढलं. ती हलली नाही. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा उठून फाटकापर्यंत जाऊन आले. मग हात पुढे केला. तिनं वही मांडीवर उघडून दिली. सर लिहू लागले. अक्षर मुंगीएवढं.

"एवढं बारीक? तुमचं नॅनो वहीत आनू नका. मोठ्यानं लिवा."

सरांनी खोडून मोठ्या अक्षरात लिहिलं. तिनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला: 'चोवीस प्लेट्सना सौ. सरोजिनीबाईंनी पूजेत हळद लावली. प्लेट्स कपाटाबाहेर मी काढल्या. गोजरबाई व्हरांड्यातून नको म्हणत होत्या.' खाली सही. शेवटचं वाक्य तिनं सांगितलेलं नव्हतं. ते तिनं दोनदा वाचलं. पण "बरं केलं" वगैरे ती म्हणाली नाही. कुलूप काढलं आणि आत जाऊन म्हणाली, "स्पिरिटची बाटली काढा. हळद पान्यात उघडत न्हाई."

घरून तिनं डब्यात हळद आणली, आंब्याच्या लोणच्याला कांडलेली. स्पिरिटमध्ये ढवळली, गाळणकागदातून गाळली. खाली पिवळं धमक, निवळ पाणी. चिमटा बाजूला ठेवला आणि तेवीस चकत्या कडेला धरून, एकेक, हातानं आत सोडल्या. पांढऱ्या भुकटीनं रंग असा ओढून घेतला की बघता बघता बोटाचा डाग कुठं होता ते सांगता येईना. तिची बोटं मुळापर्यंत पिवळी झाली. अठरा वर्षांनी. तिनं ती धुतली नाहीत. तशाच हातानं घरी गेली. गल्लीतली एक म्हातारी बघत राहिली, तर तिला म्हणाली, "काय बघती? कामाची हाय."

सोमवारी कमिटी आली. व्हरांड्यातच टेबल मांडलं होतं, कारण ऊन तिथंच पडायचं. ऑक्टोबरचं, टोचणारं. गोजरबाई तिच्या जुन्या जागी, गजांशी, पण या वेळी पूजाच बाहेर आली होती. सरांनी चार-चार सेल जोडून तारा एका लहान कॅलक्युलेटरला लावल्या, त्यातली बॅटरी काढून दाखवली. काही होईना. सरांच्या कपाळावर घाम. गोजरबाईनं पुढं होऊन एक सुटलेला चिमटा दाबला, आणि काचेवर एक शून्य उगवलं. फिकट, पण शून्य. कमिटीतल्या एकानं उन्हाआड हात धरला तर ते मावळलं. काढला तर पुन्हा आलं. मग तिघांनीही लहान पोरांसारखं आळीपाळीनं हात धरून पाहिलं.

"हळद? डाळिंब लिहिलंय अर्जात," अध्यक्ष म्हणाले. "आणि थर फार सुरेख आहेत. भेगा नाहीत. कल्पना कुणाची?"

गिरिधर सरांनी एक चिमटा उगाच सारखा केला. प्राचार्य शेजारीच होते. "विभागाची," ते म्हणाले. "तत्त्वतः."

गोजरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. शनिवारच्या पायरीवरचा माणूस दोन दिवसांत पुन्हा होता तिथं जाऊन बसला होता. ती वळली आणि खल धुवायला आत गेली. नळ मोठा सोडला. तोंडी काय म्हणाली ते पाण्याच्या आवाजात गेलं. पण जवळ उभी असलेली पोरं शपथेवर सांगतात की त्यात सरांचा, विभागाचा आणि तत्त्वाचा, तिघांचा उद्धार होता.

कमिटी जाताच वामनराव लॅबमध्ये आले, मागोमाग वसंता. वामनरावांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी सुतळीसकट वही ओढली, पान काढलं, ओळ वाचली. मान लाल झाली.

"अहं. हे पान काढून टाका."

"काढा की," गोजरबाई भांडं पुसत म्हणाली. "पानावर नंबर हाय, एकशे बारा. पान फाटलं तर त्याची बी नोंद लावावी लागंल. काय फाटलं, कवा फाटलं, कोनाच्या हातून. सई तुमाला करावी लागंल सायेब. पेन देऊ?"

वामनरावांनी वही टेबलावर ठेवली. 'ठीक आहे' एकदाच म्हणाले आणि गेले. मेसवर बदलीचं पुढं कुणी काढलं नाही. वसंतानं मात्र जेवणाच्या सुट्टीत येऊन, पहिल्यांदाच नाकाबाहेरच्या आवाजात, स्वतःचं असं एक वाक्य म्हटलं: "बाई, पान नंबर किती म्हणालात?"

पुढच्या खंडेनवमीला सरोजिनीबाई आल्या. रीत ती रीत. लॅब धुतलेली होती, माळा होत्या, रांगोळी होती. फक्त गोजरबाई व्हरांड्यात नव्हती. काचेच्या कपाटापुढं उभी होती, किल्ल्या डाव्या बाजूला. सरोजिनीबाईंनी तराजूला बोट लावलं, भट्टीला लावलं आणि कपाटाकडे वळल्या.

"गोजर, जरा सरक गं."

गोजरबाईनं ताटातली हळदीची वाटी उचलली. फक्त वाटी. "तराजू तुमचा, वैनी, बर्नर तुमचा. काचेला मी."

सगळा स्टाफ उभा होता. वामनरावांनी घसा साफ केला, पण वाक्य काही निघालं नाही. गोजरबाईनं वाटीत बोट बुडवलं, कपाटाच्या दाराला एक लावलं, खलाला एक, काचेच्या कांडीला एक. मग टेबलाशी वाकून सुतळीनं बांधलेल्या लाल वहीच्या पुठ्ठ्यावर एक, जरा दाबून.

"वाजवा की टाळ्या," ती मागं वळून म्हणाली. "नारळ कोन फोडतंय? का त्यो बी मीच फोडू?"